इंग्रजीच्या पदवीत भाषांतर अभ्यास: दोन वाटांनी आलेले विषय

इंग्रजीच्या पदवीला भाषांतर अभ्यासाची जोड द्यायचं ठरलं की अभ्यास मंडळात पहिला वाद हमखास होतो: भाषांतराचे पेपर शिकवायचे कोणी? साहित्यवाल्यांनी, भाषाविज्ञानवाल्यांनी, की प्रत्यक्ष भाषांतराचं काम करणाऱ्यांनी? या वादाचं मूळ माणसांच्या हट्टात नाही, इतिहासात आहे. हे दोन विषय विद्यापीठात वेगवेगळ्या वाटांनी आले आणि त्यांची गाठ फार उशिरा पडली.

खुद्द इंग्रजीलाच विद्यापीठात शिरायला वेळ लागला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ मध्ये इंग्रजी भाषा-साहित्याचे प्राध्यापक नेमले गेले. ऑक्सफर्डने स्वतंत्र इंग्रजी विभाग १८९४ मध्ये मान्य केला, केंब्रिजने १९१७ मध्ये. आपली स्वतःची भाषा वाचायला परीक्षा कशाला, असा ग्रीक-लॅटिनच्या पंडितांचा आक्षेप होता. विषयाला वजन यावं म्हणून ऑक्सफर्डने प्राचीन इंग्रजी आणि भाषेचा इतिहास यांवर भर दिला. केंब्रिजने उताऱ्याच्या बारकाईच्या वाचनाची वाट धरली. जगभरच्या इंग्रजी पदव्यांत हे दोन्ही कल आजही दिसतात.

या व्यवस्थेत भाषांतर होतं, पण परीक्षेतला प्रश्न म्हणून. उतारा कळला की नाही, व्याकरण पक्कं आहे की नाही, एवढंच त्यातून तपासायचं. एकोणिसाव्या शतकात परकीय भाषा शिकवण्याची रूढ पद्धतच ती होती: आधी नियम, मग त्या नियमासाठी मुद्दाम रचलेली सुटी वाक्यं, मग त्यांचं भाषांतर. १८७८ मध्ये अमेरिकेत बर्लिट्झच्या भाषाशाळेने वर्गात फक्त शिकायच्या भाषेतच बोलायचं, असा दंडक घातला. १८८२ मध्ये जर्मनीत विल्हेल्म फिएटोरने जुन्या पद्धतीवर पुस्तिका लिहून हल्ला चढवला. राग रास्त होता, पण त्याच्या तडाख्यात भाषांतर ही कृतीच भाषाशिक्षणात कमी प्रतीची ठरली. तो शिक्का पुसायला शंभर वर्षंही पुरली नाहीत.

भाषांतरकार घडवण्याचं काम मात्र निराळ्या ठिकाणी, राज्यकारभाराच्या गरजेतून चालू होतं. व्हिएन्नात १७५४ मध्ये ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया तेरेसाने प्राच्य भाषांची अकादमी काढली, ती मुत्सद्देगिरीसाठी. कैरोत १८३५ मध्ये इजिप्तचे विद्वान रिफाआ अल-तहतावी यांच्या पुढाकाराने भाषाशाळा उभी राहिली. बीजिंगचं थोंगवेन ग्वान, म्हणजे परकीय भाषांची सरकारी शाळा, १८६२ चं, आणि तिथे काही वर्षांतच गणित आणि विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. विषयाचं ज्ञान नसेल तर नुसत्या भाषेवर भाषांतर निभत नाही, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. विसाव्या शतकात जिनिव्हा (१९४१), गेर्मर्सहाइम (१९४७), पॅरिस (१९५७) इथल्या संस्था त्याच व्यावसायिक वाटेने गेल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यात चार भाषांत एकाच वेळी दुभाषेगिरी चालली आणि या प्रशिक्षणाची निकड सगळ्यांना दिसली.

स्वतंत्र ज्ञानशाखा म्हणून मांडणी झाली ती १९७२ मध्ये, कोपनहेगनच्या परिषदेत. भाषांतराचे अभ्यासक जेम्स होम्स यांनी या शाखेचा आराखडाच मांडला: एकीकडे सिद्धान्त आणि वर्णन, दुसरीकडे उपयोजन. प्रशिक्षण त्यांनी उपयोजनात घातलं. पुढे जर्मनीत हान्स फेरमेर यांनी भाषांतराचा निकष त्याच्या हेतूत शोधला, आणि अभ्यासक्रम आखणाऱ्यांच्या हाती खरं हत्यार आलं. औषधाच्या डबीतलं माहितीपत्रक घ्या. रुग्णासाठी भाषांतर करायचं तर ‘जेवणानंतर घ्या’ हे पहिल्या ओळीत ठळक हवं आणि दुष्परिणाम रोजच्या शब्दांत हवेत. औषधविक्रेत्यासाठी तेच पत्रक संज्ञा जशाच्या तशा ठेवून करावं लागतं. एकाच मजकुराची दोन भाषांतरं, दोन्ही बरोबर. ‘खालील उताऱ्याचे भाषांतर करा’ एवढंच छापलेल्या प्रश्नपत्रिकेत या फरकाला जागा नाही. कोणासाठी आणि कशासाठी, हे प्रश्नात लिहिलेलंच नसतं आणि गुण कापले जातात ते चुका मोजून.

१९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपात पदव्यांची समान चौकट आली. वर्षाला ६० श्रेयांक (क्रेडिट) धरून बहुतेक ठिकाणी पहिली पदवी १८० श्रेयांकांची झाली. याचा परिणाम थेट होता: प्रशिक्षण पदव्युत्तर पातळीवर सरकलं आणि पहिल्या पदवीत भाषांतर इंग्रजीच्या सोबतीला आलं. युरोपीय आयोगाच्या पुढाकाराने २००९ मध्ये भाषांतरातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांचं जाळं सुरू झालं. त्याच्या चौकटीत सहा क्षमता होत्या आणि भाषा ही त्यांतली फक्त एक. माहिती शोधणं, विषयज्ञान, तंत्रज्ञान आणि ग्राहकाशी व्यवहार हेही त्यांत होतं.

२०१६ पासून न्यूरल यंत्र-भाषांतर, म्हणजे असंख्य भाषांतरांवरून स्वतः शिकणारं संगणकी भाषांतर, सर्रास वापरात आलं आणि २०१७ च्या सुधारित चौकटीत यंत्राशी संबंधित कौशल्यांना मोठी जागा मिळाली. ती मिळायलाच हवी होती. पण यंत्राचा मसुदा वाचायला गुळगुळीत असतो. त्यातली चूक पकडायची तर मूळ मजकुराचा सूर, रोख आणि त्यात मोघम ठेवलेली जागा ओळखता यावी लागते. ते वाचन साहित्याच्या तासाला शिकवलं जातं. म्हणून पदवीच्या नव्या आराखड्यात कवितेचे आणि गद्याचे पेपर कापून तंत्रज्ञानाला जागा करणं मला चुकीचं वाटतं. कापायचाच तर तो हेतू न सांगणारा भाषांतराचा उतारा कापावा.