ब्राउझरमधील पुसलेल्या नोंदींची पुनर्प्राप्ती

संगणकावरील किंवा मोबाइलवरील ब्राउझरमधून काढून टाकलेला इतिहास, कुकी (संकेतस्थळांनी ठेवलेल्या छोट्या नोंदी), कॅशे (पानांच्या साठवलेल्या प्रती), डाउनलोड यांच्या नोंदी तपासासाठी परत मिळवण्याची डिजिटल फॉरेन्सिकमधील पद्धती.

क्रोम व फायरफॉक्स आपला इतिहास एसक्यूलाइट या डेटाबेस प्रकारच्या फाइलीत ठेवतात. एसक्यूलाइटमध्ये नोंद पुसली की एरवी तिची जागा केवळ ‘मोकळी’ ठरते, मजकूर तिथेच राहतो. पहिल्या ४ बाइटांवर मात्र नवा मथळा बसतो : २ बाइट पुढच्या मोकळ्या तुकड्याचा पत्ता, २ बाइट लांबी. त्यामुळे वेबपत्ता अखंड मिळाला तरी नोंदीचा क्रमांक बहुधा गेलेला असतो व तिची रचना अंदाजाने जुळवावी लागते. जुन्या विवेचनांचा भर यावरच आहे. तो आता कमी करणे युक्त वाटते; कारण क्रोमियम व फायरफॉक्स या दोहोंच्या बांधणीत ‘सिक्युअर डिलीट’ पर्याय चालू असतो आणि पुसलेल्या जागी शून्ये भरली जातात. म्हणून शोध मूळ फाइलीबाहेर न्यावा लागतो : जर्नल किंवा डब्ल्यूएएल फाइल (डेटाबेसमधील बदलांची तात्पुरती नोंद), फेविकॉनची (संकेतस्थळांच्या छोट्या चिन्हांची) वेगळी फाइल, विंडोजची पेजफाइल व हायबरनेशन फाइल (मेमरीतील मजकूर डिस्कवर ठेवणाऱ्या), शॅडो कॉपी (फाइलींच्या राखलेल्या जुन्या प्रती). एसएसडीवर ‘ट्रिम’ (मोकळे कप्पे पुसू देणारी आज्ञा) चालून गेले असल्यास मोकळ्या जागेतून फारसे हाती लागत नाही. इनकॉग्निटोतील (खासगी खिडकीतील) भेटी इतिहासाच्या फाइलीत मुळातच लिहिल्या जात नाहीत.

तुटक नोंद कोणत्या ब्राउझरची हे कालमुद्रेवरून (नोंदीत साठवलेल्या वेळेच्या आकड्यावरून) ताडता येते. क्रोम १ जानेवारी १६०१ पासूनचे मायक्रोसेकंद मोजतो, फायरफॉक्स १ जानेवारी १९७० पासूनचे. सफारी १ जानेवारी २००१ पासूनचे सेकंद. सध्याची १७ अंकी, १३ ने सुरू होणारी संख्या दिसली की ती क्रोमची समजावी.

नोंद सापडली तरी ती चुकीची वाचली जाऊ शकते. मुलीच्या खुनाचा आरोप असलेल्या केसी अँथनी हिच्या फ्लोरिडातील खटल्यात (२०११) फायरफॉक्सची पुसलेली इतिहासफाइल मोकळ्या जागेतून मिळाली. ती एसक्यूलाइटपूर्व ‘मॉर्क’ रचनेतील, म्हणजे वाचायला अवघड म्हणून कुप्रसिद्ध. क्लोरोफॉर्मविषयीच्या एका पानाला कॅशबॅक या साधनाने ८४ भेटी दाखवल्या, नेटअ‍ॅनालिसिसने १. सरकारपक्षाने ८४ हा आकडा मांडला; प्रत्यक्षात तो मायस्पेस या समाजमाध्यमाच्या नोंदीचा होता, आणि कॅशबॅकच्या निर्मात्यानेच पुढे चूक मान्य केली. आरोपी खुनाच्या आरोपातून सुटली; ती या आकड्यामुळेच सुटली असे मात्र म्हणता येत नाही.

भारतात अशा पुराव्याचा प्रश्न प्रामुख्याने प्रमाणपत्राभोवती फिरत आला. जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने, मूळ उपकरण सादर केले नसल्यास पुरावा कायद्याच्या कलम ६५ब खालील प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले आणि ही अट शिथिल करणारा आपलाच २०१८ चा निर्णय रद्दबातल केला. १ जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम ६३ आहे. हॅश मूल्य (फाइलीच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) नमूद करणाऱ्या नव्या प्रमाणपत्राचा ‘अ’ भाग पुरावा सादर करणाऱ्याने, ‘ब’ भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.