मी न पाहिलेलं पेव

सांगलीहून हरिपूरच्या रस्त्याला लागलं की मला एक वास येतो, कुजलेल्या हळदीचा. 2005 च्या महापुरानंतर काकांच्या ओळखीतल्या एका अडत्याचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, उघडलं, तेव्हाचा हा वास. आधी दोरीला बांधून कंदील आत सोडला. आत हवा धड आहे की नाही ते बघायची ती जुनी रीत. मग पोत्यांऐवजी बाहेर आला तो काळपट पिवळा चिखल. माझ्या चपलेला लागलेला तो गाळ दोन दिवस निघाला नव्हता.

हा प्रसंग मी कितीतरी वेळा सांगितलाय. गेल्या दिवाळीत पुन्हा सुरू केला, तर फराळाची ताटं लावता लावता काकू म्हणाली, "तू कुठं होतास रं तवा? तू विट्याला मामाकडं. पाणी उतरून पंधरा दिवस झाल्यावर आलास की."

आईनंही मान डोलावली. मी तिथं नव्हतोच.

हरिपूरची पेवं ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची इथली माती अशी, की जमिनीत खोल खड्डा खणला तरी तो ढासळत नाही. तोंड अरुंद, पोट मोठं. आत पाला अंथरायचा, हळद भरायची आणि तोंड मातीनं लिंपून टाकायचं. आत हवा नाही म्हणून कीड नाही. वर्ष-दोन वर्षांनी उघडा, भरली तशी हळद बाहेर. 2005 च्या पुराचं पाणी शिरलं आणि बहुतेक पेवं निकामी झाली, ती गोष्ट वेगळी.

स्मरणशक्तीबद्दल आपल्या सगळ्यांची कल्पना अशीच पेवासारखी असते. भरलं, लिंपलं, लागेल तेव्हा काढलं. मेंदूचं कामकाज मात्र असं चालत नाही. कुठं कुठं ते अगदी उलट चालतं.

सुरुवात पेवाच्या तोंडाशीच करू. मोबाइलवर सहा आकडी ओटीपी येतो. आपण तो तोंडातल्या तोंडात घोळवत टाइप करतो, तेवढ्यात कुणी "चहा टाकू का?" विचारतं आणि शेवटचे तीन आकडे हवेत विरतात. ही अल्पकालीन स्मृती. 1959 मध्ये पीटरसन दांपत्यानं लोकांना तीन अक्षरं सांगितली आणि लगेच एका आकड्यापासून तीन-तीन वजा करत उलटं मोजायला लावलं, म्हणजे मनात घोळवायला सवडच नको. 18 सेकंदांत जवळपास सगळं पुसलं गेलं होतं. एका वेळी या जागेत किती मावतं? 1956 मध्ये जॉर्ज मिलर यांनी सातच्या आसपास म्हटलं, पुढच्या संशोधकांनी ते चारच्या आसपास आणलं. पण चार काय, हा खरा प्रश्न. 'एमएच 10' ही नंबरप्लेटची सुरुवात परगावच्या माणसाला चार वेगळ्या गोष्टी वाटतात. सांगलीकराला ती एकच आहे: आपली गाडी. आधीपासून माहीत असलेलं जितकं जास्त, तितकी जागा कमी लागते.

तोंडाशी असलेलं आत कसं जातं, हे कळलं ते एका माणसाच्या दुर्दैवामुळं. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसन यांना फेफरं इतकं यायचं की काम करणं अशक्य झालं. 1953 मध्ये, वयाच्या 27 व्या वर्षी, त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आणि त्याच्या आजूबाजूचा भाग बराचसा काढून टाकण्यात आला. फेफरं कमी झालं, बुद्धी शाबूत राहिली, लहानपणच्या गोष्टीही आठवायच्या. सांगितलेला आकडा मनात घोळवत ठेवणं जमायचं. पण लक्ष दुसरीकडं गेलं की तो आकडाच काय, कुणी आकडा सांगितला होता हेही जायचं. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ त्यांना वर्षानुवर्षं भेटत राहिल्या आणि प्रत्येक भेटीत त्यांच्यासाठी नवख्याच राहिल्या.

याच मिल्नरबाईंनी त्यांना आरशात बघून चांदणीची आकृती गिरवायला दिली. करून बघा, हात भलतीकडंच जातो. मोलेसन यांचा हात मात्र तीन दिवसांत सरावला, आणि आपण हे आधी कधी केलंय याचा त्यांना पत्ताही नव्हता. म्हणजे हाताचं शिकणं वेगळ्या वाटेनं आत जातं. पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलेला पोरगा पन्नाशीतही पोहतो. कोणत्या उन्हाळ्यात शिकला, ते विसरला तरी चालतं. मोलेसन 2008 मध्ये गेले. मेंदूविज्ञानाचं इतकं मोठं देणं त्यांच्या नावावर आहे, हे त्यांना जितक्या वेळा सांगितलं तितक्या वेळा ते नव्यानंच कळलं असणार.

मग आठवण हिप्पोकॅम्पसमध्ये असते का? तसंही नाही, नाहीतर मोलेसन यांचं बालपणही गेलं असतं. एका प्रसंगाचा रंग मेंदूच्या एका भागात, आवाज दुसरीकडं, वास तिसरीकडं नोंदला जातो. हिप्पोकॅम्पस म्हणजे माल नव्हे, दिवाणजीची वही: कुठला माल कुठं पडलाय आणि कशासोबत आला होता, त्याची नोंद. निदान सुरुवातीला तरी त्या वहीशिवाय चालत नाही. पुढं हे तुकडे एकमेकांशी थेट जोडले जातात, आणि त्यातलं बरंच काम झोपेत होतं. उंदीर दिवसभर ज्या वाटेनं फिरला, त्या वाटेवर पेटलेल्या पेशी तो झोपल्यावर पुन्हा एकत्र पेटतात, हे 1994 मध्ये दिसून आलं. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणाऱ्यांनी याचा काय तो विचार करावा.

पेशीच्या पातळीवर काय घडतं, ते एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगाईवर शोधलं. त्यासाठी त्यांना 2000 चं नोबेल मिळालं. माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी, या गोगलगाईत जेमतेम 20 हजार, आणि त्याही मोठ्या. शेपटीला एकदा झटका दिला की ती काही मिनिटं बिचकून राहते: दोन पेशींमधल्या सांध्यावर रसायन जास्त सुटतं, एवढंच. तेच झटके मध्ये विसावा देत पुन्हा पुन्हा दिले, तर निरोप थेट पेशीच्या केंद्रकापर्यंत जातो, जनुकं कामाला लागतात, नवी प्रथिनं बनतात आणि नवे सांधे फुटतात. पहिला प्रकार खडूनं लिहिण्याचा, दुसरा भिंत बांधायचा. एका रात्रीत घोकलेलं आणि आठवडाभर थोडं थोडं वाचलेलं, यांतला फरक बराचसा इथंच आहे.

इथवर पेवाची उपमा ओढूनताणून चालते. 2000 मध्ये करीम नादेर आणि सहकाऱ्यांनी तिचं तोंडच फोडलं. उंदरांना एका आवाजासोबत विजेचा झटका दिला. आवाज म्हणजे भीती, हे त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं. दुसऱ्या दिवशी तो आवाज पुन्हा ऐकवला आणि लगेच मेंदूत प्रथिनं बनणं रोखणारं औषध टोचलं. भीती गेली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती जशीच्या तशी. म्हणजे पक्की झालेली आठवणही बाहेर काढली की सैल पडते आणि ती पुन्हा लिंपावी लागते. उंदरावरून माणसाकडं उडी जपूनच मारावी, पण माणसांचा पुरावा वेगळ्या दिशेनं आहेच. 1986 मध्ये चॅलेंजर यान कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून, बातमी कुठं, कशी कळली ते लिहून घेतलं. सुमारे अडीच वर्षांनी त्यातल्या 44 जणांना पुन्हा विचारलं. पाव जणांचं सगळंच चुकलं होतं, आणि खात्री मात्र भरपूर. स्वतःच्या अक्षरातला कागद समोर ठेवल्यावरही मूळ आठवण परत आली नाही.

माझ्या पेवाचं असंच झालं असणार. काकांच्या तोंडून ऐकलेलं, पेपरातला एखादा फोटो, दुसऱ्याच कुठल्या वर्षी खरंच पाहिलेलं पेव आणि चपलेचा गाळ बहुधा 2019 च्या पुराचा, जेव्हा कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलं आणि मी नक्की सांगलीत होतो. दर वेळी सांगताना एक तुकडा मिसळला आणि सांगून सांगून तो पक्का झाला. आठवून सांगितल्यानं आठवण घट्ट होते, आणि त्यात खरं-खोटं निवडलं जात नाही.

खात्री करायला काकांना फोन केला. ते म्हणाले, "तू नव्हतास, बरोबर आहे. कंदील मीच सोडला." मागून काकूचा आवाज आला, "कंदील कुठला? बॅटरी होती."

परवा पुन्हा हरिपूरला गेलो. वास आलाच.