नॉट वाढले, हिशेब बिघडला: मध्यम वेगाच्या कॅटामरान फेरीची पार्श्वभूमी

ऑगस्ट २०२५मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गपर्यंत रो-रो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी बोट सुरू करण्याची घोषणा झाली. वेग २५ नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६ किलोमीटर. जयगड तीन तासांत, विजयदुर्ग पाच तासांत. गणपतीला गाडी घेऊन कोकणात उतरणाऱ्या नाशिककरांना ही बातमी गोड वाटली, यात नवल नाही. जूनमध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून कसाऱ्याचा घाट फारसा जाचत नाही. जाच सुरू होतो भिवंडी-ठाण्यात.

पण नकाशा उघडून अक्षांश मोजले, तर भाऊच्या धक्क्यापासून जयगड सरळ रेषेतच सुमारे शंभर सागरी मैल भरतं. २५ नॉटने ते चार तास झाले, तीन नव्हे. एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, त्यामुळे हा भागाकार कुणालाही करता येतो. फेरीच्या धंद्यात वेगाचा आकडा आधी जाहीर होतो आणि हिशेब मागाहून लागतो, हे जगभर घडलेलं आहे. मध्यम वेगाच्या कॅटामरानचा इतिहास सुरू होतो तो याच चुकीपासून.

कॅटामरान म्हणजे दोन अरुंद सांगाड्यांवर, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या तळांवर, पेललेलं एक रुंद डेक. सांगाडे निमुळते असल्याने पाणी कापायला जोर कमी लागतो, आणि दोन्हींमध्ये अंतर असल्याने बोट सहसा कलंडत नाही. टास्मानियातल्या इन्कॅट कंपनीने त्यावर मोटारी चढवून मोठी जहाजं बांधली. त्यांच्या ७४ मीटर लांबीच्या ‘हॉवरस्पीड ग्रेट ब्रिटन’ने १९९० साली साडेतीन दिवसांच्या आत अटलांटिक ओलांडून, सर्वात वेगाने तो ओलांडणाऱ्या प्रवासी जहाजाला मिळणारा हेल्स करंडक पटकावला. मग वेगाचं वेडच लागलं. १९९६मध्ये स्टेना कंपनीने वेल्स आणि आयर्लंडच्या दरम्यान ‘स्टेना एक्सप्लोरर’ उतरवली: १५०० प्रवासी, ३७५ मोटारी, ४० नॉट. इंजिनं कसली, तर विमानाच्या इंजिनांवरून बेतलेली गॅस टर्बाइन.

त्या काळी हे परवडत होतं. १९९८च्या अखेरीस कच्चं तेल पिंपाला दहा-बारा डॉलरच्या आसपास होतं आणि बोटीवरच्या ड्युटी-फ्री दुकानातून तिकिटाइतकीच भरवशाची कमाई व्हायची. जुलै १९९९मध्ये युरोपीय संघाने आपल्या हद्दीतली ड्युटी-फ्री विक्री बंद केली, आणि जुलै २००८मध्ये तेल १४७ डॉलरवर पोचलं. स्टेनाच्या या वेगवान बोटी एकेक करून थांबल्या. इंग्लंडमधल्या हार्विच बंदराची २००७ला, बेलफास्टची २०११ला, आणि २०१४नंतर आयर्लंडमधल्या डन लेअरीची बोटही परतली नाही.

कॅनडाची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने स्थानिक जहाजबांधणीला काम मिळावं म्हणून ‘पॅसिफिकॅट’ नावाच्या तीन वेगवान कॅटामरान बांधायला घेतल्या. अंदाज होता २१ कोटी डॉलरचा, खर्च गेला ४६ कोटींच्या घरात. बोटी धावायला लागल्यावर त्यांच्या लाटांनी किनाऱ्यावरचे खासगी धक्के हलायला लागले, म्हणून किनाऱ्याजवळ वेग उतरवावा लागला. ज्या वेगासाठी एवढं केलं, तोच वापरता येईना. २००३मध्ये तिन्ही बोटी मिळून जेमतेम दोन कोटी डॉलरला लिलावात गेल्या.

यामागचं गणित अवघड नाही. ढोबळमानाने वेग दुप्पट केला तर ताकद आठपट लागते. वेळ निम्मा होतो हे धरलं, तरी त्याच अंतराला इंधन चौपट जळतं. आता बारा सागरी मैलांची खाडी घ्या. ३६ नॉटने वीस मिनिटं, १६ नॉटने पंचेचाळीस. वाचली पंचवीस मिनिटं. पण दोन्ही बोटींवर रॅम्प तसाच खाली येतो आणि गाड्या तशाच एकेक करून चढतात. शिटी वाजवणारा माणूस हाताने ‘आणखी घ्या, आणखी घ्या’ करत बंपरला बंपर लावून घेतो, हँडब्रेक ओढायला सांगतो आणि मग पुढच्या गाडीकडे वळतो. पंचवीस मिनिटं तिथेच जातात. दाभोळ-धोपावेच्या जंगलजेट्टीत, म्हणजे खाडीवरच्या फेरीबोटीत, गाडी घातलेल्याला हे सांगायला नको. तिथे खाडी ओलांडण्यापेक्षा रांगेतला वेळ मोठा.

म्हणून काही जणांनी उलट विचार केला: कॅटामरानचा आकार ठेवायचा आणि वेगाचा हट्ट सोडायचा. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, ऑर्कनी बेटांवर जाणाऱ्या पेंटलँड फेरीज या खासगी कंपनीने हे करून दाखवलं. त्यांची ‘पेंटालिना’ फिलिपिन्समध्ये बांधलेली. २०१९ला आलेली ‘आल्फ्रेड’ व्हिएतनाममध्ये बांधलेली, ८५ मीटर लांब, किंमत १.४ कोटी पौंड, ४३० प्रवासी आणि ९८ मोटारी, वेग १६ नॉटच्या आसपास. साधी डिझेल इंजिनं, फेरी तासाभराची, त्यामुळे खलाशांना झोपायला केबिन बांधण्याचा खर्च फारसा नाही आणि माणसंही कमी लागतात. दोन्ही सांगाड्यांतली इंजिनं एकमेकांपासून लांब असल्याने बोट जागच्या जागी वळते. सरकारी अनुदान न घेता हा मार्ग चालला.

त्याच देशात सरकारी फेरी कंपनीसाठी २०१५ साली दोन बोटींचा ९.७ कोटी पौंडांचा करार झाला होता. त्यातली पहिली, ‘ग्लेन सॅनॉक्स’, प्रवाशांना मिळाली जानेवारी २०२५मध्ये, आणि खर्च कराराच्या कित्येक पट झाला. मधल्या काळात बोटी कमी पडल्या, तेव्हा २०२३मध्ये सरकारी सेवेने ‘आल्फ्रेड’च भाड्याने घेतली, नऊ महिन्यांना ९० लाख पौंड देऊन. तुलना अगदी सरळ नाही. ग्लेन सॅनॉक्स मोठी आहे, तिचं इंधन वेगळं आणि काम वेगळं. तरी नऊ महिन्यांच्या भाड्यात बोटीची निम्म्याहून जास्त किंमत वसूल होते, हा आकडा झाकता येत नाही.

वेग मेला असं मात्र नाही. दक्षिण अमेरिकेतल्या बुकेबुस कंपनीने २०१३मध्ये चाचणीत ५८ नॉट गाठलेली ‘फ्रान्सिस्को’ घेतली, ब्युनोस आयरेस ते मोंतेविदेओसाठी. श्रीमंत प्रवासी आणि लांब पल्ला असला की ते जमतं. पण त्याच कंपनीने, त्याच इन्कॅटकडून, जवळच्या कोलोनियाच्या मार्गासाठी बांधून घेतलेली १३० मीटरची बोट पूर्णपणे बॅटरीवर चालणारी आहे. मे २०२५मध्ये ती पाण्यात उतरली. तिचा वेग? २५ नॉट. अडीचशे टनांहून जास्त वजनाची बॅटरी वाहायची, तर उधळपट्टी चालत नाही.

आपल्याकडे मांडव्याला जाणारी रो-रो २०२०च्या मार्चमध्ये सुरू झाली. ती कॅटामरान नाही, एकाच सांगाड्याची ग्रीक बोट आहे, पण वेगाच्या बाबतीत याच पंथातली. पाऊण-एक तासात पोचवते आणि रस्त्याचे शंभरेक किलोमीटर वाचवते. शिवाय पावसाळ्यातही चालते. गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी कॅटामरान पावसाळ्यात तीन महिने उभ्या असतात, आणि कर्जाचा हप्ता काही पावसाळा बघून थांबत नाही.

नाशिकच्या दृष्टीने मला कोकणापेक्षा खंभातच्या आखाताचा अनुभव जास्त कामाचा वाटतो. २०१७मध्ये घोघा-दहेज रो-रो गाजावाजा करून सुरू झाली. रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरचा वळसा, समुद्रातून ३१. पण दहेजच्या बाजूला नर्मदेचा गाळ साचत राहिला, खोली कमी पडली आणि सेवा अडखळत बंद पडली. कमी पाण्यात तरंगणारी कॅटामरान तिथे जास्त टिकली असती, असं माझं मत. नोव्हेंबर २०२०मध्ये सुरतजवळच्या हजीऱ्याहून घोघ्याला नवी सेवा निघाली, ट्रकही घेणारी. पेठ-धरमपूरमार्गे सुरत गाठणारा नाशिकचा ट्रकवाला भावनगरला जाताना बडोद्याचा वळसा टाळू शकतो. फेरीला खरा आधार या ट्रकवाल्याचाच असतो. पर्यटकांच्या मोटारी शनिवार-रविवारी येतात, ट्रक मंगळवारीही येतो, आणि तो अर्ध्या तासाच्या बचतीसाठी दुप्पट भाडं देत नाही.