एलईडी ड्रायव्हर नव्या इंटरफेसवर नेताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमचे पॅनेल-बोर्ड वापरणाऱ्या ग्राहकांनी लिनक्स कर्नेलची (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची) नवी आवृत्ती चढवली आणि आपला एलईडी ड्रायव्हर (दिवा चालवणारा प्रोग्राम) तिच्याशी जुळवून घेतला, की थोड्याच दिवसांत ठरलेली तक्रार येते : ‘बोर्ड बिघडला, दिवा बंद केला की लागतो आणि लावला की विझतो.’ परत आलेल्या अशा बोर्डावर आम्ही जुनी आवृत्ती चढवतो आणि दिवा निमूटपणे नीट चालतो. बोर्डात दोष नसतो, कुरिअरचा खर्च आणि दोन्हीकडचे दिवस मात्र वाया गेलेले असतात.

आमच्या बोर्डांवर एलईडीचे एक टोक रेझिस्टरमधून ३.३ व्होल्टला आणि दुसरे प्रोसेसरच्या जीपीआयओ पिनला (प्रोग्रामने चालू-बंद करता येणाऱ्या पिनला) जोडलेले आहे, त्यामुळे पिन शून्यावर आली की दिवा लागतो. जुन्या पद्धतीत ड्रायव्हर पिनला क्रमांकाने ओळखत असे आणि ‘जीपीआयओ_सेट_व्हॅल्यू’ हे फंक्शन दिलेली किंमत जशीच्या तशी पिनवर ठेवत असे. म्हणून ती उलटी करण्याचे काम ड्रायव्हरलाच करावे लागे आणि त्या ओळीत किमतीपुढे एक उद्गारचिन्ह असे. कर्नेल ३.१३ मध्ये आलेल्या, पिनला क्रमांकाने न ओळखणाऱ्या डिस्क्रिप्टर पद्धतीत हे काम कर्नेलने स्वतःकडे घेतले. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील जोडण्यांचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) पिनवर ‘ॲक्टिव्ह लो’ (शून्यावर चालू) अशी खूण असेल, तर ‘जीपीआयओडी_सेट_व्हॅल्यू’ला १ दिल्यावर पिन प्रत्यक्षात शून्यावर जाते. फंक्शनांची नावे बदलताना ते उद्गारचिन्ह तसेच राहून जाते आणि किंमत दोनदा उलटते. सारा घोटाळा एवढाच आहे.

यावर अनेक जण डिव्हाइस ट्रीमधील खूण ‘ॲक्टिव्ह हाय’ करून मोकळे होतात. दिवा मग आज्ञेप्रमाणे चालतो खरा. पण पिन मिळवताना आरंभीची स्थिती ‘जीपीआयओडी_आउट_लो’ दिलेली असल्यास कर्नेल पिन खरोखरच शून्यावर नेतो, आणि यंत्र सुरू होताना, ड्रायव्हरची पहिली आज्ञा येईपर्यंत, धोक्याचा लाल दिवा उगाच लागून राहतो. उद्गारचिन्ह काढावे आणि डिव्हाइस ट्रीमध्ये सर्किटप्रमाणे खरे तेच लिहावे, हाच योग्य उपाय होय. खात्रीसाठी दिव्याच्या ‘ब्राइटनेस’ फाइलमध्ये १ लिहून डीबगएफएसमधील (कर्नेलची आतली स्थिती दाखवणाऱ्या फाइल-यंत्रणेतील) ‘जीपीआयओ’ फाइल पाहावी : त्या पिनच्या ओळीत ‘आउट लो’ आणि ‘ॲक्टिव्ह लो’ हे दोन्ही दिसले पाहिजेत. मल्टीमीटर हाताशी असेल, तर पिनवर जवळजवळ शून्य व्होल्ट मिळतील.

पिन आयटूसी एक्सपांडरवर (जास्तीच्या पिन देणाऱ्या वेगळ्या चिपवर) असल्यास ‘कॅनस्लीप’ प्रकारचे, म्हणजे थांबून वाट पाहू शकणारे, फंक्शन वापरून ते कर्नेल ४.५ पासून उपलब्ध असलेल्या ‘ब्राइटनेस_सेट_ब्लॉकिंग’मधून बोलवावे, त्यासाठी पूर्वी लिहिलेली वर्कक्यू (काम मागाहून करण्यासाठीची रांग) काढून टाकता येते. तसेच डिव्हाइस ट्रीमधील ‘लेबल’ऐवजी ‘कलर’ आणि ‘फंक्शन’ लिहिल्यास सिसएफएसमधील (उपकरणे फाइलरूपाने दाखवणाऱ्या यंत्रणेतील) दिव्याचे नाव बदलते, म्हणून जुनी नावे वापरणाऱ्या स्क्रिप्ट आधी शोधून ठेवाव्यात.

ड्रायव्हरच्या कोडबरोबर आम्ही डिव्हाइस ट्री आणि सर्किटचा नकाशाही मागतो, याबद्दल काही ग्राहक नाराजी व्यक्त करतात. परंतु दिवा कोणत्या पातळीवर लागतो हे नुसत्या कोडवरून कळत नाही आणि अंदाजाने केलेला बदल पुन्हा तुमच्याच दारात येतो. कर्नेलच्या आतील इंटरफेस स्थिर राहण्याची हमी कर्नेलचे निर्मातेही देत नाहीत, त्यामुळे हे काम केव्हा ना केव्हा पुन्हा निघणारच आहे. साध्या चालू-बंद दिव्यांसाठी कर्नेलमधील ‘लेड्स-जीपीआयओ’ ड्रायव्हर बहुधा पुरतो, आणि तसे असल्यास आम्ही तसेच सांगतो, मग आमचे काम कमी झाले तरी चालेल. स्वतंत्र ड्रायव्हर खरोखरच लागत असेल, तर रूपांतर आणि बोर्डावरील चाचणी आम्ही एकत्रच करून देतो. बोर्ड पाठवण्यापूर्वी मात्र वर सांगितलेली डीबगएफएसमधील ओळ आम्हाला कळवावी.