पदवीधर मोजण्याआधी मोजपट्टी तपासा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये जॉब, म्हणजे घडवलेला भाग, रिजेक्ट झाला की पहिला प्रश्न असतो, "कशानं मोजलास?" बारीक माप घेणाऱ्या मायक्रोमीटरचं शून्यच हललेलं असेल, तर ऑपरेटरला बोल लावण्यात अर्थ नसतो. "हल्लीची पोरं डिग्री घेऊन येतात, पण कामाची नसतात" हे वाक्य मात्र बेळगावपासून निपाणीपर्यंत बिनदिक्कत फिरतं आणि ते कशानं मोजलं, हे कुणी विचारत नाही.

सगळ्यात सोपं आणि सगळ्यात फसवं माप म्हणजे प्लेसमेंटची टक्केवारी. समजा, एका शाखेत शेवटच्या वर्षाला 120 विद्यार्थी आहेत. बॅकलॉग नसलेले आणि 60 टक्क्यांच्या वरचे 70 जण प्लेसमेंटसाठी पात्र ठरले आणि 56 ऑफर लेटर आली. माहितीपत्रकावर छापलं जातं 80 टक्के. छेदात सगळे 120 घेतले की तोच आकडा 47 होतो. त्यात काहींना दोन-दोन लेटर मिळालेली असतील आणि प्रत्यक्षात 44 च जणांना नोकरी असेल, तर उरतात 37 टक्के. यात खोटं कुणीच बोललेलं नसतं. पगाराचंही तसंच. बंगळूरला मोठ्या पॅकेजवर गेलेले दोघे सगळ्या वर्गाची सरासरी वर ओढतात. म्हणून मध्यक, म्हणजे पगार क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा, तो बघावा. राष्ट्रीय क्रमवारीत, म्हणजे एनआयआरएफमध्येही, मध्यक पगारच विचारला जातो. आणि मुळात नोकरी लागणं हे बाजाराचंही माप आहे: मंदीच्या वर्षी तोच मुलगा तेवढाच तयार असून घरी बसतो.

तयारी मोजायची तर कामाचाच एक तुकडा हातात द्यावा लागतो. याला कार्यनमुना चाचणी म्हणू. मेकॅनिकलच्या पदवीधरासाठी एक उदाहरण घेऊ. टेबलावर टर्निंग-ग्राइंडिंग केलेला एक शाफ्ट, त्याचं ड्रॉइंग, 0.02 मिमी लघुतम मापाचा (म्हणजे त्याहून बारीक न वाचणारा) व्हर्नियर, 0.01 चा आणि 0.001 चा असे दोन मायक्रोमीटर, स्वच्छ कापड आणि कोरा तपासणी तक्ता. वेळ 30 मिनिटं. ड्रॉइंगवर एका व्यासाला 25 h6 (लहान लिपीतला एच) लिहिलेलं आहे, म्हणजे माप 25.000 पासून 24.987 पर्यंत चालेल. सगळी मुभा 13 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), आणि व्हर्नियरची एक पायरीच 20 मायक्रॉनची! साधन मुभेच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं असावं, हा कारखान्यातला रूढ नियम. त्या हिशेबानं 0.01 चा मायक्रोमीटरही इथं बाद होतो. जो उमेदवार व्हर्नियर उचलून सफाईनं 25.00 लिहितो, त्याचा हात चांगला असेल, पण निर्णय चुकला.

गुण 20. शून्य त्रुटी पाहिली का, 2. साधन कोणतं निवडलं, 4. प्रत्येक व्यास दोन ठिकाणी, 90 अंशांत फिरवून मोजला का आणि वाचनं बरोबर आहेत का, 6. तक्ता दुसऱ्याला वाचता येईल असा भरला का, 4. शेवटी 'पास, रिजेक्ट की रिवर्क' हे कारणासह, 4. चुका ठरलेल्या असतात: ठरावीक दाबालाच सुटणारं रॅचेट न वापरता मायक्रोमीटरची फिरती नळी (थिंबल) हातानं आवळणं, शाफ्ट न पुसणं आणि मशीनवरून उतरवलेला गरम जॉब लगेच मोजणं. 25 मिमीचा स्टीलचा शाफ्ट 20 अंशांनी जास्त गरम असेल तर साधारण 6 मायक्रॉन फुगतो. म्हणजे जवळपास अर्धी मुभा तापमानानंच खाल्ली.

आता तपासणारा तपासू. दोन परीक्षकांनी एकमेकांशी न बोलता तीच 40 कामं पाहिली, प्रत्येकानं आपापल्या मते 32 पास केली आणि 34 कामांवर त्यांचं एकमत झालं. 85 टक्के ऐकायला छान वाटतं. पण दोघेही 80 टक्के लोकांना पास करतच असतील, तर डोळे मिटूनही 68 टक्के एकमत होईल. उरलेल्या 32 टक्क्यांपैकी 17 च त्यांनी खरे कमावले. या गुणोत्तराला कोहेनचा कप्पा (ग्रीक अक्षर κ) म्हणतात. इथं तो 0.53 येतो, म्हणजे मध्यमच. एवढ्यावर कुणाला नापास करू नये. उपाय खर्चाचा नाही: आधी पाच नमुने दोघांनी मिळून तपासायचे, "तक्ता नीट भरला" याऐवजी "एकक, साधनाचा क्रमांक आणि तारीख लिहिली" असा निकष लिहायचा, मग एकमत पुन्हा मोजायचं.

वाणिज्य शाखेसाठी सीमाभागानं आयतीच चाचणी दिली आहे. कर्नाटकातल्या विक्रेत्याची दहा बिलं द्या, कर 18 टक्के. निपाणीच्या गिऱ्हाइकाला माल गेला तर 9 अधिक 9, म्हणजे अर्धा केंद्राचा आणि अर्धा राज्याचा कर; पलीकडे महाराष्ट्रात कागलला गेला तर सगळा आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा कर. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक कर्नाटकाला 29, महाराष्ट्राला 27. एका बिलात क्रमांक 27 नं सुरू होतो पण राज्य कर्नाटक लिहिलंय, असा खोडा मुद्दाम घाला. दुसऱ्यात कागलच्या व्यापाऱ्यानं माल परस्पर निपाणीला उतरवायला सांगितलाय. माल कर्नाटकातच राहिला, तरी पुरवठ्याचं ठिकाण ठरतं त्या व्यापाऱ्याच्या मुख्य जागेवरून, म्हणून आयजीएसटी. सॉफ्टवेअर बेरीज करतंच. पाहायचं ते हे, की विसंगती दिसल्यावर उमेदवार थांबून विचारतो की एंटर दाबतो.

भाषेचा गुंता इथं टाळता येत नाही. खानापूरच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला सूचना इंग्रजीत दिल्या, तर गुणांत मायक्रोमीटर किती आणि इंग्रजी किती, हे वेगळं काढता येत नाही. सूचना मराठी, कन्नड आणि इंग्रजीत द्याव्यात, ड्रॉइंग तेच ठेवावं. कामाला कन्नड किंवा इंग्रजी लागणारच असेल, तर तिची परीक्षा वेगळी घ्यावी आणि गुण वेगळ्या रकान्यात लिहावेत. एकूण गुण सारखे असलेल्या मराठी आणि कन्नड माध्यमाच्या मुलांत एकाच प्रश्नावर मोठा फरक पडत असेल, तर दोष बहुधा प्रश्नाच्या शब्दांत असतो.

शेवटी चाचणीचे गुण आणि पुढचं काम जुळतं का, हे पाहायचं. सहा महिन्यांनी सुपरवायझरकडून, गुण न दाखवता, श्रेणी घ्यायची. इथं नेहमीची चूक अशी: नोकरीवर फक्त वरचे गुणवालेच असतात, खालचे आपण दारातूनच परत पाठवलेले. चाळून घेतलेल्या गव्हात बारीक दाणा कुठून दिसणार? त्यामुळे संबंध असतो त्याहून दुबळा दिसतो. ही घट भरून काढायच्या दुरुस्तीवरूनही तज्ज्ञांत वाद आहेत: 1998 च्या गाजलेल्या आढाव्यात कार्यनमुना चाचणीचा पुढच्या कामाशी सहसंबंध (1 म्हणजे पूर्ण मेळ) 0.54 होता, 2022 च्या फेरमांडणीत 0.33, आणि ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा 0.42. म्हणून दोन्ही घ्याव्यात. शक्य असेल तर पहिल्या वर्षी चाचणी सगळ्यांची घ्यावी, भरती मात्र जुन्याच पद्धतीनं करावी आणि गुण पाकिटात बंद ठेवावेत.