विश्वासघाताने मनाचं काय होतं, आणि कायदा ते कसं पाहतो

सिंगापूरमध्ये नोकरी करणाऱ्या नवऱ्याने तिथे दुसऱ्या बाईशी संबंध ठेवले, ती दोघं एकत्र राहू लागली, अशी तक्रार एका फिलिपिनो पत्नीने केली. फिलिपाइन्समधल्या पासिग शहराच्या न्यायालयाने खटला रद्द केला, कारण जे घडलं ते देशाबाहेर. 11 जानेवारी 2018 रोजी फिलिपाइन्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश फिरवला. नुसता विवाहबाह्य संबंध स्त्रिया आणि मुलांवरच्या हिंसेविरुद्धच्या तिथल्या कायद्याखाली गुन्हा ठरत नाही, गुन्हा ठरतो तो त्यातून पत्नीचा झालेला मानसिक छळ. तो छळ तिने पासिगमध्ये सोसला असेल, तर खटलाही तिथे चालू शकतो, असं न्यायालयाने सांगितलं.

हा कायदा 2004 चा, रिपब्लिक ॲक्ट 9262. मानसिक हिंसेची उदाहरणं देताना त्याने धाकदपटशा, पाठलाग, चारचौघांत अपमान आणि वारंवार शिवीगाळ यांच्या रांगेत जोडीदाराशी केलेली बेइमानीही नाव घेऊन बसवली आहे. कायद्याचं संरक्षण फक्त स्त्रिया आणि मुलांना आहे. मनाची जखम मात्र पुरुषालाही तशीच होते.

बेइमानीला हिंसा म्हणणं अनेकांना अती वाटतं. अभ्यास काय सांगतात? ॲनमरी कॅनो आणि डॅनियल ओलिअरी या अमेरिकी संशोधकांनी 2000 साली 50 विवाहित स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या जणींच्या वाट्याला नुकताच नवऱ्याचे बाहेरचे संबंध किंवा घर मोडण्याची वेळ, असा मानहानीचा प्रसंग आला होता. उरलेल्या निम्म्यांच्या संसारातही बेबनाव तेवढाच होता, पण असा प्रसंग नव्हता. पहिल्या गटात तीव्र नैराश्याचं निदान होण्याची शक्यता सहापट निघाली. अभ्यास छोटा आहे, हे खरं. पण केनेथ केंडलर यांच्या गटाने 2003 मध्ये बऱ्याच मोठ्या पाहणीतून हेच दाखवलं की, नुसत्या वियोगापेक्षा वियोगाला अपमानाची जोड मिळाली की माणूस नैराश्यात जास्त ढकलला जातो.

माझ्या मते सगळ्यात खोल घाव संबंधांपेक्षा ते लपवण्याच्या रीतीतून होतो. समजा, नवऱ्याचा मेसेज बायकोने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला असतो. तो म्हणतो, “असं काही नव्हतंच, तुला भास होतात.” तो घरी उशिरा आल्याचं ती बोलते, तर संशयाचं भूत तिच्याच मानगुटीवर बसल्याचं तो नातेवाइकांना सांगतो. हे महिनोन्महिने चाललं की ती आपल्याच आठवणी तपासू लागते, तारखा लिहून ठेवू लागते, झोप उडते, आणि शेवटी माफीही तीच मागते. मानसशास्त्रात याला गॅसलायटिंग म्हणतात. समोरच्याचा स्वतःच्या समजेवरचा भरवसा पद्धतशीरपणे मोडून काढणं, हे काबूत ठेवण्याचं हत्यार आहे.

“इतकी वर्षं हिला कळलं कसं नाही?” हा प्रश्न तर फारच निर्दय. मानसशास्त्रज्ञ जेनिफर फ्रायड यांनी 1990 च्या दशकात मांडलेल्या सिद्धान्तानुसार, ज्याच्यावर आपलं जगणं अवलंबून असतं त्याचाच विश्वासघात मन बऱ्याचदा पाहायचं टाळतं, कारण पाहिलं तर डोक्यावरचं छप्परच धोक्यात येतं. न कळणं हा बावळटपणा नसतो.

पुराव्याची बाजू अवघड आहे. फसवले गेलेल्या अनेकांना नको त्या आठवणी उसळून येतात, सतत सावध राहावंसं वाटतं. पण पीटीएसडीच्या, म्हणजे आघातानंतरच्या ताणविकाराच्या, निदानासाठी मानसोपचाराची अमेरिकी नियमावली मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा यांच्याशी आलेला संबंध मागते. बेइमानी त्यात बसत नाही. मग न्यायालयाने काय पाहायचं? फिलिपाइन्सच्या न्यायालयांनी पीडितेच्या स्वतःच्या साक्षीला महत्त्व दिलं आहे, कारण ती यातना तिची तिलाच ठाऊक असते. मला हे पटतं.

भारतात चित्र वेगळं आहे. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दंड संहितेतलं व्यभिचाराचं कलम 497 रद्द केलं. त्याआधी 2013 मध्ये, नुसते विवाहबाह्य संबंध म्हणजे आपोआप त्याच संहितेच्या 498अ खालची, पत्नीशी केलेली क्रूरता नव्हे, असंही म्हटलं होतं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बेइमानीचा नावाने उल्लेख नाही. मात्र शाब्दिक आणि भावनिक छळ त्यात आहे, अपमान आणि हेटाळणी आहे, आणि हिंसा झाली की नाही हे ठरवताना एकूण परिस्थिती पाहावी, असं कलम 3 सांगतं. कलम 22 खाली मानसिक यातनेबद्दल भरपाई मागता येते. म्हणून अर्जात “त्याचं बाहेर आहे” एवढं एक वाक्य लिहून भागत नाही. केव्हा काय विचारलं, काय उत्तर मिळालं, कोणासमोर वेडी ठरवलं, घरखर्च कधी थांबवला, झोपेची गोळी कधी सुरू झाली, हे सगळं क्रमाने यायला हवं.