नाव अडतं कुठे आणि चिन्ह अडतं कुठे

विंडोजमध्ये ‘कॉन’ नावाचा फोल्डर बनत नाही, हा म्हणे एका भारतीयाने लावलेला शोध आणि त्याचं उत्तर बिल गेट्सलाही देता आलं नाही. ईमेल फॉरवर्ड करायच्या काळापासून हा मजकूर फिरतोय. त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘अहो, नावात प्रश्नचिन्ह चालत नाही ना, तसंच हे.’ तसं अजिबात नाही! ही गल्लत झाली की एक फाइल काढण्यासाठी लोक ड्राइव्ह फॉर्मॅट करायला बसतात.

चिन्हांचं सगळ्यांना ठाऊक आहे. < > : " / \ | ? * ही नऊ नावात टाकली की एक्सप्लोरर लगेच हटकतो.

कॉन, पीआरएन, ऑक्स, नल, कॉम१ ते कॉम९ आणि एलपीटी१ ते एलपीटी९ ही मात्र विंडोजने राखून ठेवलेली उपकरणांची नावं आहेत. कॉन म्हणजे कीबोर्ड आणि पडदा, पीआरएन म्हणजे प्रिंटर, नल म्हणजे टाकलेलं सगळं गिळणारी जागा. विंडोजच्या आधीच्या, १९८१च्या एमएस-डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. ‘कॉपी कॉन पत्र.टीएक्सटी’ म्हटलं की कीबोर्डवर टाइप केलेलं फाइलमध्ये जायचं. १९८३मध्ये फोल्डर आले, पण जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून ही नावं प्रत्येक फोल्डरमध्ये उपकरणंच राहिली. विंडोज १०पर्यंत तर मागे ‘.टीएक्सटी’सारखं एक्स्टेन्शन लावूनही सुटका नव्हती. ११मध्ये नियम सैल झालाय, पण त्यावर विसंबू नका, समोरच्याकडे कुठली आवृत्ती असेल सांगता येत नाही.

आता खरी मेख. राखीव नाव एनटीएफएसला, म्हणजे डिस्कवर फाइली मांडणाऱ्या पद्धतीला, खटकतच नाही. अडवतो तो वरचा, प्रोग्रॅमच्या मागण्या घेणारा विन३२ थर, कारण तो फाइलचा मार्ग म्हणजे पत्ता वाचतानाच ‘नल’ दिसलं की उपकरणाकडे वळतो. प्रश्नचिन्ह किंवा तारा मात्र विंडोजमधला एनटीएफएसचा ड्रायव्हर स्वतःच नाकारतो. म्हणून मार्गाआधी \\?\ लावून तो वाचण्याचा टप्पा टाळला की राखीव नाव पार होतं, चिन्ह होत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याच्या प्रोजेक्टमध्ये ‘नल’ नावाची फाइल उगवली होती. गिट हे कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन. त्यासोबत येणाऱ्या, लिनक्सच्या धर्तीवर आज्ञा घेणाऱ्या गिट बॅशमध्ये चुकांचे संदेश फेकायला त्याने सवयीने ‘२>नल’ लिहिलं होतं. बॅशला ते उपकरण माहीत नाही, त्याने सरळ फाइल बनवली. एक्सप्लोररमधून ती निघेना. कुणी व्हायरस म्हणालं, कुणी परमिशन तपासायला लावल्या. कमांड प्रॉम्प्टवर

डेल "\\?\डी:\काम\नल"

एवढं देताच गेली. मार्ग ड्राइव्हपासून पूर्ण लागतो आणि त्यात उलट्याच तिरक्या रेघा लागतात. त्याच बॅशमध्ये ‘आरएम नल’ म्हटलं तरी काम होतं. आणि बॅशमध्ये आउटपुट फेकायचं असेल तर ‘/डेव/नल’ लिहा, कृपा करून.

‘कॉन’ नावाचा फोल्डर बनवण्यासाठी ऑल्ट धरून २५५ दाबण्याच्या युक्तीला मी उपाय मानत नाही. तिथे नावात न दिसणारं एक अक्षर घुसतं, म्हणजे ते ‘कॉन’ उरतच नाही. शिवाय \\?\ फक्त काढण्यासाठी वापरा, अशा फाइली बनवण्यासाठी नको, कारण बाकीचे कितीतरी प्रोग्रॅम त्या उघडू शकत नाहीत. लिनक्सवाल्यांनाही हेच सांगणं आहे. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्येच ‘ऑक्स.सी’ नावाची फाइल आहे आणि विंडोजवर तो कोड चेकआउट करताना, म्हणजे डिस्कवर उतरवताना, गिट तिथे अडतं. तुमच्या कोडमध्ये तरी तिला ‘ऑक्सिलरी.सी’ म्हणा.